पंचेचाळीस दिवस डुक्कर थांबते काय?

मागच्या महिन्यात आमच्या आर्वीच्या कोर्टात, बार रूमच्या भिंतीवर वैरागडे वकिलांचा फोटो लागला. चंदनाचा हार, खाली नाव आणि नावाखाली 'संविधाननिष्ठ विधिज्ञ'. शोकसभेत पाच-सहा जण बोलले. एक म्हणाला, तत्त्वासाठी झिजले. दुसरा म्हणाला, एकट्यानं दिल्लीशी लढले. माइक माझ्यापर्यंत आला तेव्हा घसा बसलाय अशी खूण करून मी तो पुढे दिला. घसा ठणठणीत होता. पण मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि चांगलं बोलण्यासारखं माझ्या गाठीला काही नव्हतं. जे आहे ते इथे सांगते.

त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. उंचेपुरे, गोरे, मिशा काळ्या केलेल्या. आर्वीच्या मे महिन्यात आम्ही बाकीचे कोट खांद्यावर टाकून फिरायचो, हे मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून बसायचे. हातात कायम अडकित्ता. अशील समोर बसून रडो की भांडो, यांची नजर सुपारीवर. कतरण बारीक, एकसारखी पडली पाहिजे हा ध्यास. पंधरा मिनिटं माणूस बोलून गेला तरी त्याचा चेहरा यांनी पाहिलेला नसायचा. मला सुरुवातीला वाटायचं, एकाग्रता असेल. पुढे कळलं, गरजच वाटत नव्हती.

लोक भेटले की एकमेकांना पाऊसपाणी विचारतात. वैरागडे वकील खेड्यातला माणूस दिसला की विचारायचे, "परवाना कोणाच्या नावावर हाय?" म्हणजे बंदुकीचा. आमच्या भागात जंगलाच्या कडेला ज्यांची शेतं आहेत त्यांच्यापैकी काही जणांकडे पीक राखायला म्हणून परवान्याच्या बंदुका असतात. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत शेत उखरतात, त्यांना पळवायला. असा परवानेवाला सापडला की वैरागडे त्याला बाजूला बसवून चहा पाजायचे. चहा पाजणारा वकील आमच्या बारमध्ये तसा दुर्मिळच, म्हणून लोक बसायचे.

या वेडाचं मूळ घरात होतं. घराणं जुन्या मालगुजारांचं. मालगुजारी गेली, गावं गेली, आजोबांच्या तीन बंदुका तेवढ्या राहिल्या. मग दिल्लीत कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. तिसरी द्या किंवा विका. त्या दिवशी बार रूममध्ये यांनी अडकित्ता टेबलावर आपटला होता. माणूस जावा तसा शोक केला त्या तिसऱ्या बंदुकीचा. आता गंमत अशी की त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नव्हती. एकदा कोर्टासमोरून वरात चालली होती आणि फाटकाजवळ कोणी फटाक्यांची लड लावली, तर हे दोन्ही कानांत बोटं घालून कपाटामागे जाऊन उभे राहिले. दसऱ्याला मात्र तिन्ही बंदुका पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून फोटो काढायचे आणि बारमधल्या सगळ्यांना पाठवायचे.

तिथून त्यांनी कायद्यातला दुसरा नियम धरला. एका माणसाला स्वतःची बंदूक दुसऱ्या परवानेवाल्याला विकायची असेल, तर आधी कलेक्टरला किंवा ठाण्यात लेखी कळवावं लागतं आणि पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. मगच द्यायची. वैरागड्यांचं म्हणणं, गावातल्या दोन माणसांच्या व्यवहारात दिल्लीनं नाक खुपसायचं कारण नाही. बैल विकतो तशी बंदूक विकीन. चहा देऊन झाला की ते अडकित्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "मले सांग, पंचेचाळीस दिवस डुक्कर थांबते काय?"

समोरचा हसायचा. मीसुद्धा पहिल्यांदा हसले होते. वाक्य चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. डुक्कर थांबत नाही, हे मलाही माहीत आहे, माझं माहेर शेतकऱ्याचं आहे. पण शस्त्रं हा विषय संविधानानं केंद्राच्याच यादीत घातलेला आहे, ते कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असतं. मी तसं म्हटलं तर म्हणायचे, "ताई, तुमी भित्र्या वकील हा. तुमी आपले खावटी-पोटगीचे दावे करा."

त्यांनी नागपूरला हायकोर्टात पहिली याचिका टाकली, ती स्वतःच्या काढलेल्या एका संघटनेच्या नावानं. दहा मिनिटांत बाहेर. न्यायमूर्तींनी एवढंच विचारलं, या नियमानं नेमकं कोणाचं काय बिघडलं? तो बाधित माणूस कुठे आहे? माणूस नव्हताच. परत आले ते हरल्यासारखे नाही, रस्ता सापडल्यासारखे. चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "डॉक्टरले पेशंट लागते, ताई. मले बाधित लागते. बस, एक भेटला पायजे."

मी म्हटलं, "तुम्हीच व्हा की. तुमची तिसरी बंदूक आहेच."

"वकिलानं स्वतःची केस लढू नये," ते म्हणाले. बोलताना तेवढी एकच वेळ त्यांची सुपारी जाड कातरली गेली.

मग रंजना आली. आर्वीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून तिचं गाव. नवरा काविळीनं गेला आणि वारस म्हणून त्याच्या बंदुकीचा परवाना हिच्या नावावर झाला. बाई अंगणवाडीत मदतनीस. तिला बंदूक उडवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. वर प्रत्येक निवडणुकीला ती जड वस्तू चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन ठाण्यात जमा करायला यायचं आणि निकालानंतर तशीच परत न्यायची. कंडक्टर तिला ओळखायला लागला होता. चुलत दीर माणिक शेजारीच राहायचा, हिचंही शेत तोच वाहायचा, आणि त्याची स्वतःची बंदूक निकामी झाली होती. परवाना त्याच्याकडे होता. तेव्हा हिनं त्याला विकायची, इतकं सरळ होतं. कसं करायचं ते विचारायला दोघं वैरागड्यांकडे आली.

मी शेजारच्या टेबलावर होते. माणिक खुर्चीवर बसला, रंजना त्याच्या मागे डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

"साहेब, बंदूक ह्या वहिनीच्या नावावर हाय. मले घ्याची हाय," माणिक म्हणाला.

"मंग घे ना."

"पन साहेब," रंजना मागून म्हणाली, "आधी ठाण्यात सांगा लागते म्हणतात. सांगूनच करू ना. मले काई घाई नाई."

वैरागड्यांनी मान वर केली नाही. माणिकलाच विचारलं, "हरभऱ्याचं काय झालं तुह्या?"

"पार उखरून टाकला, साहेब."

"मंग पंचेचाळीस दिवस डुक्कर थांबते काय?"

माणिक हसला. झालं ते तिथेच. आमच्याकडे स्टॅम्पपेपरवर काय होत नाही? भावांच्या वाटण्या होतात, म्हशी विकल्या जातात, नवराबायको वेगळे होतात. दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का, की लोकांना वाटतं ब्रह्मदेवाची सही झाली. वैरागड्यांनी बंदुकीची विक्री तशीच स्टॅम्पपेपरवर लिहून काढली. मी न राहवून म्हटलं, साहेब, एक नोटीस द्यायला लावा, दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. "तुमी आपल्या टेबलावर ध्यान द्या," असं उत्तर आलं. रंजनानं परत विचारलं, मांगून काई झालं तर? त्यावर ते माणिकला म्हणाले, "बाईले सांग, स्टॅम्प हाय, नोटरी हाय, मी हाय."

ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. 'बाईले सांग' म्हणे.

त्याच आठवड्यात पोलीस माणिकच्या घरून बंदूक घेऊन गेले आणि दोघांवर गुन्हा दाखल झाला. न कळवता विक्री. गुन्हा मोठा नाही, दंडावर भागतो, फार तर सहा महिने. पण गावात जीप येते, बाईला ठाण्यात बसवतात, अंगणवाडीतली लेकरं खिडकीतून पाहतात. त्याचं मोजमाप कायद्यात नाही.

दुसऱ्या दिवशी वैरागडे खुशीत होते. मला चहा मागवला. मी विचारलं, "पण पोलिसांना कळलं कसं?"

"मीच फोन केला," ते सुपारी कातरत म्हणाले. "सांगतल्याशिवाय गुन्हा कसा दाखल होईन? गुन्हा नाई तं बाधित नाई. बाधित नाई तं पिटिशन नाई. साधी गोष्ट हाय, ताई."

मी कप खाली ठेवला. आजवर खोटे साक्षीदार पाहिलेत, अशिलाला बुडवणारे वकील पाहिलेत, त्यांच्या चेहऱ्यावर निदान चोरटेपणा तरी असतो. या माणसाचा चेहरा देवपूजा करून उठल्यासारखा स्वच्छ होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलावरचा चहा घेतला नाही.

पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट मॅडमनी कागद वाचले, रंजनाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पहिलाच गुन्हा आहे, दोघांकडे परवाने आहेत. कबूल करत असतील तर समज देऊन सोडता येईल." अशा सुटकेचा नोकरीला डागही लागत नाही, तशी कायद्यात सोय आहे. रंजनाचे डोळे चमकले. तिला ते हवंच होतं, कारण गावातल्या अंगणवाडी सेविका निवृत्त होत होत्या. रंजना बारावी पास, मदतनीस म्हणून इतकी वर्षं काढलेली, ती जागा तिचीच होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा होता आणि केस चालू असेतो तो मिळणार नव्हता.

वैरागडे उठून उभे राहिले. कोर्टात त्यांचा आवाज निराळा व्हायचा, नाटकातल्यासारखा. "माझी अशील काहीही कबूल करणार नाही. हा तिच्या मूलभूत हक्काचा प्रश्न आहे." आणि पंधरवड्यात त्यांनी नागपूरहून स्थगिती आणली. आर्वीची केस जागच्या जागी थांबली. वर याचिका लागली, 'रंजना विरुद्ध भारत सरकार'. तेव्हापासून हे जिथे जातील तिथे 'माही रंजना केस'. मोबाइलमध्ये पहिल्या पानाचा फोटो होता, तो टपरीवाल्यालाही दाखवायचे.

मी रंजनाला कोर्टाच्या आवारात गाठून फोनचं सांगितलं. तिला ठाऊक होतं. "ठाण्यातच समजलं, मॅडम. फोनवर त्यायनं आपलं नावबी सांगतलं होतं."

"मग याचिका मागे घे. दुसरा वकील दे. मी आहे."

"माणिकभाऊजी भेतात. साहेबानं त्यायले सांगतलं, केस मांगं घेतली तं सहा महिने जेल ठरलेली. माह्यं वावर तेच वाहतात. त्यायच्या इरोधात कशी जाऊ?"

त्या वर्षी हिंगणघाटला एका लग्नात वैरागड्यांचा पुतण्या भेटला. जिनिंगवाला, बोलघेवडा. जेवताना काकांची स्तुती करत होता. म्हणाला, "काका म्हणजे नियमाचे पक्के. त्यांची ती तिसरी बंदूक मीच घेतली ना. आधी कलेक्टर ऑफिसला नोटीस दिली, पंचेचाळीस दिवस पुरे होऊ दिले, मगच हातात दिली. मी म्हटलं, काका, घरातच तर आहे, आज द्या. नाही म्हणाले. कायदा म्हणजे कायदा."

माझ्या ताटात जिलबी होती. ती तशीच राहिली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला तो कोट मला तेव्हा आठवला, आणि ती जाड कातरलेली सुपारी. स्वतःसाठी दीड महिना शिस्तीत थांबलेला हा माणूस एका विधवेला म्हणाला होता, डुक्कर थांबते काय. अशा माणसाला आपल्या भाषेत चांगले शब्द आहेत, पण ते छापता येत नाहीत.

सेविकेच्या जागेची मुदत जवळ आली तशी रंजना माणिकला घेऊन परत आली. माणिकही आता कंटाळला होता. या वेळी तिनं पदर खोचला होता.

"साहेब, केस मांगं घ्या. मले फक्त दाखला पायजे. जागा जाते माही."

अडकित्ता चालूच. "माणिक, बाईले समजाव. हे केस आता तिची रायली नाई. हे साऱ्या देशाची हाय."

"पन नाव तं माह्यं हाय," रंजना म्हणाली.

"नाव!" ते हसले. "नावाचं काय घेऊन बसली. कोनाचं तरी लागतेच."

मी तिथेच म्हणाले, सगळ्यांच्या देखत, की पुतण्याला विकताना तुम्ही नोटीस दिली होती, ते या दोघांना सांगा. वैरागड्यांनी सुपारीचे तुकडे तळहातावर घेतले, फुंकर मारली, तोंडात टाकले. "मी वकील हाओ, ताई," ते म्हणाले. "मले नियम मोडून कसं चालन?" माणिक त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिला. रंजना खाली फरशीकडे पाहत होती. मग दोघं एसटी स्टँडकडे चालत गेली.

याचिका पुढे निकाली निघाली, फेटाळली गेली. शस्त्रं हा केंद्राचाच विषय, आणि बंदूक कोणाच्या हाती जाते हे पाहायला दीड महिना मागणं काही जुलूम नाही, असं कोर्टानं म्हटलं. बातमी आली त्या दिवशी वैरागड्यांनी बार रूममध्ये पेढे वाटले. हरल्याचे पेढे. "हरलो म्हणून तं दिल्लीचं दार उघडलं," म्हणाले. सगळ्यांनी पेढे खाल्ले, हेही नमूद करते. शोकसभेत 'तत्त्वासाठी झिजले' म्हणणारे त्यातलेच.

दिल्लीला, सुप्रीम कोर्टात, ते गेलेच नाहीत. थोड्या दिवसांनी म्हणू लागले, रंजना केसमध्ये तथ्यं कच्ची होती, नवा बाधित पाहिजे. इकडे स्थगिती उठली. मी वकीलपत्र दाखल केलं, आणि मॅडमनी पहिल्या दिवशी जे म्हटलं होतं तेच केलं, समज देऊन दोघांना सोडलं. अर्धा तासही लागला नाही. पण सेविकेची जागा तोवर भरली होती. गावातलीच एक नवी मुलगी, लहानपणी रंजनाच्या हातची खिचडी खाल्लेली. आता रंजना तिच्या हाताखाली सतरंज्या झाडते. मुलगी भली आहे, काकू म्हणते, पण हजेरीवर सही तीच करते. आणि बंदूक? विक्रीच बेकायदा, तेव्हा ती कोर्टातून परत आली ती रंजनाच्याच घरी.

वैरागड्यांना मी शेवटचं पाहिलं ते निवडणुकीच्या आधी, ठाण्यासमोर. परवानेवाल्यांची रांग होती, बंदुका जमा करायची. कोणाची सतरंजीत, कोणाची पोत्यात, एकाची तर नातवाच्या दुपट्यात गुंडाळलेली. रंजना रांगेत पुढे होती. तिला या वेळी बंदूक कायमची जमा करून परवाना सोडायचा होता, त्याचा अर्ज घेऊन मी झाडाखाली उभी होते. वैरागडे खंगले होते, कोट खांद्यांवरून ओघळत होता, पण बटणं सगळी लावलेली. ते रांगेतल्या एकेकाशी थांबत, गाठोड्याकडे बघत विचारत पुढे येत होते. बहुतेक लोक मान हलवून हसत होते.

रंजनाशी येऊन ते थांबले. गाठोड्याकडे पाहिलं.

"बाई, परवाना कोणाच्या नावावर हाय?"

"माह्या."

"विकाची हाय का कोनाले?"

"नाई. जमा कराची हाय. कायमची."

"जमा काऊन करता? दिल्लीवाल्यायच्या बापाची हाय का? घरातल्या कोनाले विकून टाका. स्टॅम्पपेपर मी करून देतो. पुढं काई झालं तं केस फुकट लढतो." त्यांनी खिशातून पेन काढलं, जुन्या पाकिटाची कोरी बाजू तळहातावर धरली आणि त्यावर डोळे लावून म्हणाले, "सांगा, नाव सांगा."

मला वाटलं, ती रागावेल, निदान रडेल. तिनं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"लिहा," ती म्हणाली. "रंजना विरुद्ध भारत सरकार."

पेन 'रंजना'पाशी थांबलं. मग त्यांनी मान वर केली, माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच. तोवर हवालदारानं पुढच्याला हाक मारली होती, आणि रंजना पाठ फिरवून खिडकीपाशी चादरीची गाठ सोडत होती.